पेशीचा सांगाडा ढासळला की रक्षकच उलटतात : एका दुर्मीळ आजाराने उकललेले स्वयंप्रतिकाराचे कोडे

रोगप्रतिकारशक्ती दुबळी असेल तर जंतुसंसर्ग वारंवार होतात आणि ती प्रमाणाबाहेर आक्रमक झाली तर शरीराच्याच पेशींवर उलटते, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णात, एकाच वेळी घडू शकतात, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. ‘विस्कॉट-आल्ड्रिच सिंड्रोम’ या आनुवंशिक आजारात मात्र नेमके हेच घडते. या आजाराने ग्रस्त बालकाला न्यूमोनियापासून वाचविणे जितके कठीण, तितकेच कठीण असते ते त्याच्या स्वतःच्या प्रतिपिंडांपासून वाचविणे.

या विसंगतीचे मूळ कोणत्याही जंतूत नाही. ते पेशीच्या आतल्या सांगाड्यात आहे. पेशीला आकार आणि गती देणाऱ्या अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळ्यातील एक प्रथिन सदोष झाले, की रक्षणाचे काम करणाऱ्या पेशींना आपले आणि परके यांतील भेद नीट करता येत नाही. गेल्या तीन दशकांत हे सूत्र उलगडले, त्यात रुग्णही तपासणाऱ्या आणि प्रयोगशाळेतही काम करणाऱ्या वैद्यक-शास्त्रज्ञांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेतील सिॲटल येथील बालरोगतज्ज्ञ व रोगप्रतिकारशास्त्रज्ञ डॉ. डेव्हिड रॉलिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन त्यांत विशेष महत्त्वाचे ठरले. दुर्मीळ आजाराच्या अभ्यासातून मिळालेले हे ज्ञान आता ल्युपससारख्या तुलनेने अधिक आढळणाऱ्या आजारांवरही प्रकाश टाकू लागले आहे.

तीन भाऊ आणि एक जनुक

या आजाराची पहिली नोंद १९३७ मधील आहे. जर्मनीतील म्युनिक येथील बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड विस्कॉट यांनी एकाच कुटुंबातील तीन भावांचे वर्णन प्रसिद्ध केले. तिघांनाही रक्तस्राव होत असे, अंगावर इसब होते, कान सतत वाहत असत आणि जंतुसंसर्ग त्यांची पाठ सोडत नसे. तिघेही लहानपणीच दगावले. त्यांच्या बहिणी मात्र निरोगी होत्या. रक्तातील बिंबिकांची, म्हणजेच प्लेटलेट्सची, कमतरता असलेला हा एखादा वेगळा आनुवंशिक विकार असावा, असा तर्क विस्कॉट यांनी केला.

पुढे १९५४ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ रॉबर्ट आल्ड्रिच यांनी डच वंशाच्या एका कुटुंबाची वंशावळ मांडली. त्या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या मुलगे तान्हेपणी दगावत होते आणि मुली वाचत होत्या. त्यावरून हा दोष एक्स गुणसूत्रावर असून आईकडून मुलाकडे जातो, हे स्पष्ट झाले. स्त्रियांमध्ये दोन एक्स गुणसूत्रे असल्याने एकावरील दोष दुसऱ्यामुळे झाकला जातो. पुरुषांत ते एकच असल्याने अशी सोय नसते.

प्रत्यक्ष जनुक सापडण्यास आणखी चार दशके लागली. १९९४ मध्ये जोनाथन डेरी, हान्स ऑक्स आणि उटा फ्रँके यांनी हे जनुक शोधून काढले. त्यापासून तयार होणाऱ्या ५०२ अमिनो आम्लांच्या प्रथिनाला आजाराच्याच नावावरून ‘वास्प’ हे संक्षिप्त नाव मिळाले. विस्कॉट यांनी वर्णिलेल्या कुटुंबाच्या नातलगांचा शोध घेऊन जर्मन संशोधकांनी २००६ मध्ये मूळ उत्परिवर्तनही निश्चित केले. जनुकाच्या सुरुवातीच्या भागातील अवघे दोन न्यूक्लिओटाइड गळलेले होते. तीन भावांचा बळी घेणारा दोष एवढाच होता.

हा आजार दर दहा लाख पुरुष जन्मांमागे सुमारे एक ते दहा बालकांत आढळतो, असे मानले जाते. सर्वांमध्ये तो सारखा तीव्र नसतो. प्रथिन अजिबातच तयार होत नसेल तर आजार पूर्ण स्वरूपात प्रकटतो. सदोष का होईना, पण थोडे प्रथिन तयार होत असेल तर अनेकदा बिंबिकांची कमतरता एवढेच लक्षण प्रामुख्याने दिसते.

पेशीलाही सांगाडा असतो

पेशी म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, असे शालेय आकृत्यांवरून वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः तिच्या आत तंतू आणि नलिकांची दाट चौकट असते. या चौकटीलाच पेशीचा सांगाडा म्हणतात. तिचे घटक मुख्यतः तीन. सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ सूक्ष्मनलिका, सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे मध्यम तंतू आणि सर्वांत बारीक, सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचे ॲक्टिनचे तंतू. नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

ॲक्टिनचा शोध १९४० च्या दशकाच्या आरंभी हंगेरीतील सेगेद येथे, नोबेल विजेते आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांच्या प्रयोगशाळेत ब्रूनो स्ट्रॉब यांनी लावला. त्या वेळी त्याचा अभ्यास स्नायूंच्या आकुंचनाच्या संदर्भात होत होता. पुढे ॲक्टिन जवळजवळ सर्वच पेशींत असल्याचे दिसून आले.

या सांगाड्याची तुलना हाडांच्या सांगाड्याशी करताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. हाडे वर्षानुवर्षे टिकतात. ॲक्टिनचे तंतू मात्र सतत बांधले आणि मोडले जात असतात. एका टोकाला नवे रेणू जोडले जातात, दुसऱ्या टोकाचे सुटतात. पेशीला पुढे सरकायचे असेल, जंतू गिळायचा असेल, दुसऱ्या पेशीला चिकटायचे असेल, तर त्या जागी काही सेकंदांत तंतूंचे नवे जाळे उभे राहते. त्यामुळे पाडकाम आणि बांधकाम एकाच वेळी चालू असलेल्या इमारतीच्या परातीशी त्याचे साम्य अधिक आहे.

नवे जाळे कोठे आणि केव्हा उभारायचे, हे ठरविणारी यंत्रणा स्वतंत्र असते. सात प्रथिनांचा ‘आर्प २/३’ नावाचा एक संच जुन्या तंतूच्या कडेला बसतो आणि तेथून सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फुटते. हा संच आपण होऊन काम सुरू करीत नाही. त्याला चालना देणारे प्रथिन लागते. रक्तातील पेशींमध्ये ही चालना देण्याचे काम मुख्यत्वे ‘वास्प’ करते.

‘वास्प’ एरवी स्वतःवरच दुमडून बसलेले असते. पेशीच्या पृष्ठभागावरून संदेश आला, की ‘सीडीसी ४२’ नावाचा एक रेणू त्याला येऊन चिकटतो, त्याची घडी उघडते आणि ते आर्प २/३ संचाला कामाला लावते. १९९६ ते २००० या काळात निरनिराळ्या प्रयोगशाळांनी ही साखळी टप्प्याटप्प्याने जुळवली. या प्रथिनाचा एक भाऊबंद शरीरातील बहुतेक सर्व पेशींत असतो, परंतु ‘वास्प’ केवळ रक्तकुळातील पेशींमध्येच आढळते. म्हणूनच दोष जनुकात असूनही हृदय, मेंदू किंवा स्नायूंची जडणघडण त्यामुळे बिघडत नाही. बिघडतात त्या बिंबिका आणि रोगप्रतिकाराच्या पेशी.

घडी उलट कायमच उघडी राहिली तर काय होते, याचेही उत्तर निसर्गाने दिले आहे. त्याच जनुकातील काही वेगळ्या उत्परिवर्तनांमुळे ‘वास्प’ सदैव जागे राहते आणि त्यातून पांढऱ्या पेशींच्या एका प्रकाराची जन्मजात कमतरता निर्माण होते. सांगाड्याची बांधणी कमी झाली तरी आजार आणि अनिर्बंध झाली तरी आजार, असा हा प्रकार आहे.

दुबळी तरीही आक्रमक

रोगप्रतिकाराच्या पेशींना सांगाड्याची गरज इतर पेशींपेक्षा अधिक असते. त्या एका जागी स्थिर नसतात. रक्तातून ऊतींत शिरणे, संसर्गाच्या ठिकाणी पोहोचणे, जंतू गिळणे, हे सारे आकार बदलण्यावर अवलंबून असते. टी पेशी एखाद्या पेशीची झडती घेते, तेव्हा दोघींच्या संपर्काच्या जागी ॲक्टिनचे दाट जाळे तयार होते आणि त्याच्या आधारे संदेशग्राही रेणू एकत्र आणले जातात. ‘वास्प’ नसेल तर हा संपर्क विस्कळीत होतो, संदेश अर्धवट पोहोचतो आणि टी पेशी पुरेशी उत्तेजित होत नाही. संसर्ग वारंवार का होतात, याचे स्पष्टीकरण यातून मिळते.

परंतु स्वयंप्रतिकाराचे काय? प्रतिकारच दुबळा असेल तर तो स्वतःवर तरी कसा उलटेल? हा प्रश्न कागदोपत्री कुतूहलाचा नव्हता. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील १५४ रुग्णांच्या पाहणीत ४० टक्के रुग्णांना कोणता ना कोणता स्वयंप्रतिकार विकार असल्याचे आढळले. पॅरिसमधील एका रुग्णालयातील ५५ रुग्णांच्या २००३ मधील अभ्यासात स्वयंप्रतिकार किंवा दाहजन्य गुंतागुंतीचे प्रमाण ७२ टक्के होते. स्वतःच्याच लाल पेशी नष्ट करणारा रक्तक्षय हा त्यांतील सर्वाधिक आढळणारा विकार. त्याखेरीज रक्तवाहिन्यांचा दाह, सांधेदाह, मूत्रपिंडाचे विकार आणि आतड्याचा दाहही दिसून येतो.

उपचार करणाऱ्यांपुढील पेच यामुळे गहिरा होतो. स्वयंप्रतिकार आवरायचा तर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे द्यावी लागतात. प्रतिकारशक्ती आधीच दुबळी असलेल्या बालकाला ती दिली, तर संसर्गाला दार मोकळे होते. न दिली, तर लाल पेशींचा नाश थांबत नाही. म्हणून हा उलटा प्रहार नेमक्या कोणत्या पेशींमुळे होतो, हे जाणून घेणे निकडीचे होते.

पहारेकऱ्यांवरचा पहारा

पहिला संशय आला तो नियामक टी पेशींवर. टी पेशींचा हा एक छोटा वर्ग असून इतर पेशींना आवर घालणे हे त्याचे काम असते. २००७ मध्ये सिॲटल, बोस्टन आणि मिलान येथील संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की ‘वास्प’ नसलेल्या नियामक पेशी तयार होतात, परंतु त्यांची टिकण्याची आणि इतरांना आवरण्याची क्षमता कमी असते. सिॲटलच्या गटाचे नेतृत्व रॉलिंग्ज यांच्याकडे होते. दोषाच्या वाहक असलेल्या, म्हणजे काही पेशींत ‘वास्प’ असलेल्या आणि काहींत नसलेल्या, मादी उंदरांचा अभ्यासही त्यांनी केला. त्यांच्या नियामक पेशींत ‘वास्प’ असलेल्यांचीच सरशी झालेली आढळली. सांगाडा शाबूत नसेल तर या पेशी स्पर्धेतच टिकत नाहीत, असा त्याचा अर्थ होता.

आवर घालणारे दुबळे झाले, म्हणून इतर मोकाट सुटले, हे स्पष्टीकरण समाधानकारक वाटण्याजोगे होते. तथापि ते पूर्ण नव्हते. प्रत्यक्ष प्रतिपिंडे तयार करतात त्या बी पेशी. त्या या साऱ्या प्रकारात केवळ निष्क्रिय साथीदार आहेत, की त्यांच्यातही स्वतंत्र बिघाड आहे, हे ठरायचे होते.

रॉलिंग्ज यांचा बी पेशींचा अभ्यास जुना होता. १९९३ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील प्रयोगशाळेत असताना, ‘बीटीके’ या जनुकातील उत्परिवर्तनामुळे उंदरांच्या बी पेशी कशा सदोष होतात, हे दाखविणाऱ्या संशोधनाचे ते प्रमुख लेखक होते. माणसात याच जनुकाच्या दोषामुळे मुलग्यांमध्ये प्रतिपिंडे जवळजवळ तयारच होत नाहीत. बी पेशीतील संदेशवहन बिघडले, की प्रतिपिंडे अजिबात न बनण्यापर्यंत मजल जाते, हे त्यातून दिसले होते. ‘वास्प’च्या बाबतीत प्रश्न उलट टोकाचा होता. चुकीची प्रतिपिंडे का बनतात?

निर्णायक प्रयोग

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी सिॲटलच्या गटाने आखलेला प्रयोग साधा, पण नेमका होता. उंदरांची अस्थिमज्जा नष्ट करून त्यांना दोन प्रकारच्या मज्जेचे मिश्रण देण्यात आले. एका प्रकारच्या मज्जेत ‘वास्प’ निरोगी होते, मात्र तिच्यापासून बी पेशी तयारच होऊ शकत नव्हत्या. दुसऱ्या प्रकारात ‘वास्प’ नव्हते. मिश्रणात पहिल्या प्रकाराचे प्रमाण जास्त ठेवले होते. परिणामी या उंदरांच्या टी पेशी, नियामक पेशी आणि इतर रक्तपेशी बहुतांशी निरोगी होत्या, परंतु बी पेशी मात्र सर्वच्या सर्व ‘वास्प’विरहित होत्या.

दोष केवळ नियामक टी पेशींचा असता, तर हे उंदीर निरोगी राहावयास हवे होते. प्रत्यक्षात त्यांना तीव्र स्वयंप्रतिकार विकार जडला. त्यांच्या रक्तात स्वतःच्याच घटकांविरुद्धची प्रतिपिंडे आढळली, मूत्रपिंडांना इजा झाली आणि त्यांतील अनेक उंदीर अकाली मेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाने सिद्ध केले, की ‘वास्प’ नसलेली बी पेशी स्वयंप्रतिकाराची ठिणगी स्वतःच पाडू शकते. पुढच्याच वर्षी बोस्टन येथील डॉ. लुइजी नोटारांजेलो यांच्या गटाने, केवळ बी पेशींतून ‘वास्प’ काढून टाकलेल्या उंदरांवर वेगळ्या पद्धतीने प्रयोग करून, याच दिशेचा निष्कर्ष काढला.

याच प्रयोगातून आणखी एक धागा हाती आला. जंतूंचे डीएनए किंवा आरएनए ओळखून धोक्याची सूचना देणारी एक प्राचीन यंत्रणा पेशींत असते. बी पेशींतील या यंत्रणेचा एक आवश्यक दुवा काढून टाकला असता उंदरांमधील स्वयंप्रतिकार टळला. ‘वास्प’ नसलेल्या बी पेशी, प्रतिजन ओळखणाऱ्या ग्राहीकडून आणि या धोकासूचक यंत्रणेकडून आलेल्या संदेशांना गरजेपेक्षा जास्त प्रतिसाद देत होत्या. शरीरात पेशी रोज मरत असतात आणि त्यांच्यातील डीएनएचे तुकडे बाहेर पडत असतात. निरोगी बी पेशी त्यांकडे दुर्लक्ष करते. अतिसंवेदनशील बी पेशी त्यालाच शत्रू समजते.

कुंपण नसले की काय होते

ज्या दोषाने टी पेशी मंदावते, त्याच दोषाने बी पेशी भडकावी, हे कसे? याचे एक उत्तर लंडन येथे फाकुंदो बतिस्ता यांच्या प्रयोगशाळेत २०१० मध्ये झालेल्या संशोधनातून मिळते. बी पेशीच्या पटलाखाली ॲक्टिनच्या तंतूंचे जाळे असते. ते कुंपणासारखे काम करते. पटलावरील ग्राही रेणू त्या कुंपणाच्या चौकटीत अडकून राहतात आणि त्यांना मोकळेपणाने फिरता येत नाही. हे जाळे औषधाने मोडले असता, बाहेरचा कोणताही प्रतिजन नसतानाही ग्राही रेणू फिरू लागले आणि पेशीत संदेश सुरू झाला.

म्हणजे सांगाडा केवळ पेशीला उभी करीत नाही, तो तिला शांतही ठेवतो. हालचाल आणि संपर्क यांसाठी जाळे उभारावे लागते, तर अनावश्यक संदेश रोखण्यासाठी ते टिकवावे लागते. दोन्ही कामांत ‘वास्प’चा सहभाग असल्याने त्याच्या अभावी एकीकडे दुबळेपणा आणि दुसरीकडे अतिरेक, असे दुहेरी नुकसान होते. सुरुवातीला विसंगत वाटणाऱ्या गोष्टी एकाच कारणाची दोन फळे ठरतात.

अर्धवट उपचाराचा धोका

या संशोधनाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. त्याचा थेट संबंध उपचारांशी आहे. या आजारावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९६८ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे फ्रिट्झ बाख यांनी प्रथम केले. जगातील पहिल्या यशस्वी प्रत्यारोपणांमध्ये त्याची गणना होते. त्यात रोगप्रतिकारात सुधारणा झाली, मात्र बिंबिकांची कमतरता कायम राहिली. रुग्णाची सदोष मज्जा आधी पूर्णपणे नष्ट केली, तर आजार संपूर्ण बरा होतो, हे बोस्टन येथील रॉबर्टसन पार्कमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखविले.

प्रत्यारोपणानंतर काही रुग्णांत दात्याच्या आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशी एकत्र नांदतात. अनेक आजारांत अशी मिश्र स्थिती पुरेशी ठरते. या आजारात मात्र युरोपातील रुग्णांच्या २००८ मधील अभ्यासात असे दिसले, की प्रत्यारोपणानंतर उद्भवणाऱ्या स्वयंप्रतिकाराचा संबंध या मिश्र स्थितीशी आहे. सिॲटलच्या उंदरांत जे जाणीवपूर्वक घडवून आणले होते, तेच येथे रुग्णांत घडत होते. निरोगी टी पेशींच्या मदतीने सदोष बी पेशी अधिकच सक्रिय होतात. त्यामुळे किती टक्के पेशी दुरुस्त झाल्या, एवढेच पाहून भागत नाही. कोणत्या पेशी दुरुस्त झाल्या, हेही पाहावे लागते.

जुळणारा दाता न मिळणाऱ्या बालकांसाठी जनुकोपचाराचा मार्ग शोधण्यात आला. रुग्णाच्याच मूळपेशी काढून, विषाणूच्या साह्याने त्यांत निरोगी जनुक घालून, त्या पुन्हा शरीरात सोडायच्या, अशी ही पद्धत. तिचा पहिला टप्पा यशाइतकाच क्लेशदायक ठरला. जर्मनीत १० बालकांवर झालेल्या पहिल्या चाचणीत बहुतेकांच्या प्रकृतीत सुधारणा झाली, परंतु वापरलेल्या विषाणूवाहकाने कर्करोगाशी संबंधित जनुकांना चालना दिल्यामुळे त्यांतील सात जणांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला.

त्यानंतर अधिक सुरक्षित ठरणारे लेंटिव्हायरस वाहक वापरण्यात आले. मिलान येथील डॉ. अलेस्सांद्रो आयुती यांच्या गटाने २०१३ मध्ये तीन बालकांवरील उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले. लंडन आणि पॅरिस येथील गटांनी २०१५ मध्ये सात रुग्णांचे अनुभव मांडले. त्यांपैकी एका रुग्णाचा आधीपासून असलेल्या विषाणुसंसर्गाने मृत्यू झाला, तर इतरांमध्ये संसर्ग, इसब आणि रक्तस्राव यांत लक्षणीय सुधारणा झाली. याच वर्षी मिलानच्या रुग्णांवर केलेल्या आणखी एका अभ्यासातून जनुकोपचारानंतर बी पेशींची स्वतःच्या घटकांना सहन करण्याची क्षमताही सुधारते, असे दिसून आले. २०११ च्या निष्कर्षाला मिळालेली ही मानवी साक्ष होती.

दुर्मीळतेपलीकडे

एका दुर्मीळ आजाराचा हा अभ्यास इतर रुग्णांना कितपत उपयोगी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे पहिले उत्तर असे, की ‘वास्प’ एकटे नाही. त्याला आधार देणारे ‘विप’, आर्प २/३ संचातील एक घटक, ‘डॉक ८’, ‘हेम १’ अशा सांगाड्याशी संबंधित अनेक प्रथिनांचे जन्मजात दोष गेल्या दीड दशकात उजेडात आले. त्यांतही अनेक ठिकाणी वारंवार संसर्ग आणि स्वयंप्रतिकार यांची तीच जोडी आढळते.

दुसरे उत्तर ल्युपसच्या अभ्यासातून मिळते. ल्युपसमध्ये त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर शरीराचीच प्रतिपिंडे हल्ला करतात आणि रुग्णांत दर दहांमध्ये सुमारे नऊ स्त्रिया असतात. न्यूयॉर्कमधील वैद्यक-शास्त्रज्ञ डॉ. अलेस्सांद्रा पेर्निस यांच्या गटाने २००६ मध्ये दाखविले, की सांगाड्याची हालचाल नियंत्रित करणाऱ्या रेणूंशी जोडलेले ‘डेफ ६’ हे प्रथिन नसलेल्या मादी उंदरांमध्ये ल्युपससारखा विकार आपोआप उद्भवतो. माणसांतही या प्रथिनाच्या जन्मजात अभावातून स्वयंप्रतिकार निर्माण होत असल्याचे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. डॉ. जॉर्ज त्सोकोस यांच्या गटाला ल्युपसच्या रुग्णांच्या टी पेशींमध्ये, सांगाडा आणि पेशीपटल यांना जोडणारी प्रथिने प्रमाणाबाहेर सक्रिय असल्याचे २००७ मध्ये आढळले होते. अशा पेशी अधिक चिकटतात आणि अवयवांत अधिक सहजतेने शिरतात.

या संशोधनातील एक दुवा औषधापर्यंतही पोहोचला आहे. सांगाड्याचा ताण आणि आकुंचन नियंत्रित करणारे ‘रॉक २’ हे विकर दाहकारक संदेशद्रव्यांच्या निर्मितीलाही हातभार लावते, हे पेर्निस यांच्या गटाने २०१० मध्ये उंदरांमध्ये दाखविले. हे विकर रोखणाऱ्या बेल्युमोसुडिल या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये मान्यता दिली. ती मान्यता ल्युपससाठी नसून, प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या अवयवांवर केलेल्या दीर्घकालीन हल्ल्यावरील उपचारांसाठी आहे. मात्र सांगाड्याशी निगडित विकर रोखून प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. सांगाडा सरसकट मोडणारे औषध कोणत्याही पेशीला परवडणारे नाही. म्हणून अशा नेमक्या दुव्यांचाच शोध घ्यावा लागतो.

भारतातील स्थिती

भारतात या आजाराचे निदान करणारी केंद्रे मोजकी असली, तरी ती अनुभवी आहेत. चंडीगड येथील पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत जन्मजात प्रतिकारदोषांच्या रुग्णांवर दीर्घकाळ काम होत आहे. मुंबईत परळ येथील केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था ही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था अशा आजारांच्या निदानाचे महत्त्वाचे केंद्र आहे. पांढऱ्या पेशींमध्ये ‘वास्प’ आहे की नाही, हे फ्लो सायटोमेट्री या तपासणीने पाहता येते आणि जनुकीय चाचणीने निदान पक्के होते.

पहिला संशय घेण्यासाठी मात्र कोणत्याही महागड्या यंत्राची गरज नाही. निरोगी व्यक्तीत एक घन मिलिमीटर रक्तात दीड ते साडेचार लाख बिंबिका असतात. या बालकांमध्ये त्या पुष्कळ कमी असतात आणि आकारानेही लहान असतात. बिंबिका कमी होण्याच्या इतर बहुतेक कारणांत त्यांचा आकार लहान होत नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासणी अहवालात बिंबिकांचे सरासरी आकारमान दिलेले असते, पण त्याकडे सहसा लक्ष जात नाही. परिणामी असे बालक तात्पुरत्या बिंबिका-न्यूनतेचे रुग्ण समजले जाते आणि मोलाचा काळ निघून जातो. तान्ह्या मुलाच्या अंगावर लाल ठिपके उठणे, शौचातून रक्त जाणे, इसब, वारंवार कान वाहणे आणि मामा किंवा मावसभाऊ लहानपणी दगावल्याचा इतिहास, या गोष्टी एकत्र आल्या तर तज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते. निदान लवकर झाले तर बीसीजी किंवा तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या पोलिओसारख्या जिवंत लसींबाबत निर्णय घेताना डॉक्टरांना योग्य ती खबरदारी घेता येते.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात, एकदाच करावयाच्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या आजारांच्या पहिल्या गटात विस्कॉट-आल्ड्रिच सिंड्रोमचा समावेश आहे. निर्धारित उत्कृष्टता केंद्रांमध्ये उपचार घेणाऱ्या रुग्णांना ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद त्यात २०२२ मध्ये करण्यात आली. या केंद्रांमध्ये दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, चंडीगडची संस्था आणि मुंबईचे केईएम रुग्णालय यांचा समावेश आहे.

प्रत्यारोपणाचे यश बालकाच्या वयावर आणि त्या वेळच्या प्रकृतीवर बरेच अवलंबून असते. मोठे संसर्ग होऊन गेल्यावर किंवा स्वयंप्रतिकाराने अवयवांना इजा केल्यावर ते अधिक जोखमीचे होते. त्यामुळे प्रयोगशाळेत उलगडलेल्या या ज्ञानाचा लाभ एखाद्या तालुक्याच्या गावातील बालकापर्यंत पोहोचणे, हे बऱ्याच अंशी त्याच्या पहिल्या रक्ततपासणीचा कागद कोण आणि किती काळजीपूर्वक वाचतो, यावर ठरते.